स्पीकरही हवा, हेडफोनही हवा

घरी संगणक जोडून देणाऱ्या माणसाला हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे. "मागे स्पीकर लावलेत, पुढे हेडफोन. हेडफोनची पिन घातली की स्पीकर बंद पडतात. दोन्ही कायमचे लावून ठेवता येणार नाहीत का?" शेजारच्या घरात नेमकी उलटी तक्रार असते. तिथे हेडफोन लावला तरी स्पीकर वाजतच राहतो आणि रात्री सगळं घर जागं होतं. तिसऱ्या घरात कॅबिनेटच्या पुढचं सॉकेट कधी चाललेलंच नसतं. तिथे दर वेळी टेबलाखाली वाकायचं, मोबाइलचा टॉर्च लावायचा, मागची हिरवी पिन उपसायची आणि हेडफोनची घालायची, असा क्रम वर्षानुवर्षं चालू असतो.

तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. संगणकातला आवाज कानापर्यंत पोचताना चार टप्पे पार करतो. पहिला टप्पा विंडोजचा, म्हणजे सॉफ्टवेअरचा. दुसरा मदरबोर्डवरच्या साउंड चिपचा. तिसरा बाहेरच्या वायरचा आणि चौथा खुद्द स्पीकरचा. या चारांपैकी कुठल्याही टप्प्यावर आवाजाची वाट वळवता येते किंवा तिला फाटा फोडता येतो. आपल्या घरी तो फाटा कुठे फोडायचा हे एकदा ठरलं, की बाजारातून काय आणायचं ते आपोआप कळतं. पुष्कळ घरांत तर काहीच आणावं लागत नाही.

१. दोन्ही कशाला लागतात?

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि पुण्यातल्या हिंजवडी-खराडीची ऑफिसं कोथरूड, सिंहगड रस्ता, वाकडच्या फ्लॅटांमध्ये आली. ज्या संगणकावर संध्याकाळी सगळं घर मिळून नाटक-सिनेमा बघत होतं, त्याच संगणकावर दिवसभर मीटिंग सुरू झाल्या. एका बाजूला मुलांचा ऑनलाइन वर्ग, दुसऱ्या बाजूला आजोबांच्या बातम्या. तेव्हा हेडफोन चैनीचा राहिला नाही. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींना तर ही गरज त्याआधीपासूनच ठाऊक होती. एका खोलीत चार जण आणि चौघांचे विषय वेगळे असतील, तर स्पीकर लावायचा कसा?

कायद्याचाही यात थोडा भाग आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. घरातल्या खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज घराच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाऊ नये, असंही हे नियम सांगतात. रात्री अकरा वाजता भिंतीपलीकडे झोपलेल्या माणसाचा विचार करायला कायदा लागू नये, पण तो आहे हे माहीत असावं.

मग सरळ हेडफोनच का वापरू नये? कारण दोन्हींतून ऐकू येणारी गोष्ट वेगळी असते. स्पीकरमधला डाव्या बाजूचा आवाज डाव्या कानात तर पोचतोच, पण सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी उशिराने उजव्या कानातही पोचतो. शिवाय भिंतींवरून परतून येतो तो वेगळाच. मेंदू या बारीक फरकांवरून गायक कुठे बसलाय, तबला कुठल्या हाताला आहे, हे ठरवतो. हेडफोनमध्ये डाव्याचं फक्त डाव्या कानात जातं. त्यामुळे तानपुरा समोर बसल्यासारखा वाटत नाही, डोक्याच्या आतच वाजतो. उलट श्वास, तारेची घसट, मुद्रणातली खरखर हे सगळं हेडफोनवर जितकं स्वच्छ कळतं तितकं खोलीतल्या स्पीकरवर कळत नाही. लॉ कॉलेज रस्त्यावर, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० साली सुरू झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनिमुद्रण हा शिकवायचा विषय आहे. हे काम करणारी माणसं दोन्हींवर ऐकतात, ती याच कारणाने. घरातल्या ऐकणाऱ्यालाही ती सोय असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

२. मागची रंगीत सॉकेटं

कॅबिनेटच्या मागे (पुण्यात बहुतेक जण या अख्ख्या डब्यालाच 'सीपीयू' म्हणतात) लहान गोल सॉकेटांची एक रांग असते. हिरवं म्हणजे आवाज बाहेर, गुलाबी म्हणजे माइक, फिकट निळं म्हणजे बाहेरच्या यंत्रातला आवाज आत. हे रंग मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस 'पीसी ९९' या मार्गदर्शक आराखड्यात ठरवून दिले. काही मदरबोर्डवर काळं, नारिंगी, राखाडी अशीही सॉकेटं असतात. ती अनेक स्पीकर खोलीभर मांडणाऱ्यांसाठी आहेत, आपण सोडून देऊ.

हिरव्या सॉकेटातून येणारा संकेत अशक्त असतो. हेडफोनचे इवलेसे पडदे हलवायला तो पुरतो, पण खोली भरेल एवढा आवाज काढण्याची ताकद त्यात नसते. संगणकाच्या स्पीकरला वेगळी विजेची वायर असते ती त्यासाठीच. आतला अ‍ॅम्प्लिफायर तो अशक्त संकेत घेऊन मोठा करतो. जुन्या म्युझिक सिस्टिमचे लाकडी स्पीकर, ज्यांना फक्त दोन उघड्या तारा असतात, त्यांच्यात अ‍ॅम्प्लिफायर नसतो. ते थेट हिरव्या सॉकेटाला जोडू नयेत. का, ते चौथ्या भागात आकड्यांनी दिसेल.

३. पुढची पिन मागच्याला गप्प का करते?

यामागे दोन पिढ्यांची दोन वेगळी तंत्रं आहेत, आणि दोन्ही समजून घेण्यासारखी आहेत.

पिन घातल्यावर सॉकेटातली स्प्रिंग दबून एक जोड तुटावा, ही युक्ती टेलिफोन एक्स्चेंजइतकी जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑपरेटर ज्या जाड पिना घालून दोन माणसांना जोडून देत, त्यांचाच ६.३५ मिलिमीटरचा अवतार आजही गिटारला आणि वाद्यवृंदाच्या मिक्सरला लागतो. आपली ३.५ मिलिमीटरची पिन त्याच घराण्यातली धाकटी.

इंटेलने १९९७मध्ये 'एसी ९७' हे मानक आणलं. त्या काळच्या मदरबोर्डवर साउंड चिपमधून निघालेला आवाज आधी वायरने कॅबिनेटच्या पुढच्या सॉकेटापर्यंत जायचा आणि तिथून परत फिरून मागच्या हिरव्या सॉकेटात यायचा. पुढे पिन घातली की स्प्रिंग दबायची, परतीची वाट तुटायची आणि स्पीकर बंद व्हायचे. निर्णय धातूच्या पट्टीने घेतलेला असायचा, त्यात सॉफ्टवेअरचा काही संबंध नसायचा. पुढची वायर जोडलीच नाही तर मागूनही आवाज येत नसे. म्हणून मदरबोर्डवर त्या जागी दोन छोटे जम्पर, म्हणजे पिना जोडणाऱ्या टोप्या, बसवून वाट परस्पर पुरी केलेली असायची.

२००४मध्ये इंटेलचंच 'हाय डेफिनिशन ऑडिओ' आलं आणि चित्र पालटलं. आता पुढचं आणि मागचं सॉकेट साउंड चिपला स्वतंत्रपणे जोडलेलं असतं. पिन घातली की चिपला नुसती वर्दी जाते, 'पुढे कोणीतरी आलंय'. त्या वर्दीचं काय करायचं हे ड्रायव्हर ठरवतो. ड्रायव्हर म्हणजे चिप आणि विंडोज यांच्यामध्ये दुभाष्याचं काम करणारा प्रोग्रॅम. आणखी महत्त्वाचं म्हणजे ही चिप एकाच वेळी दोन वेगवेगळे आवाज दोन सॉकेटांतून सोडू शकते. गाणं मागे, मीटिंग पुढे. आपल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक डेस्कटॉपमध्ये असं आधीच बसवलेलं आहे, फक्त ते चालू केलेलं नसतं.

ते चालू कुठे करायचं? पुष्कळ मदरबोर्डवर तैवानच्या रिअलटेक कंपनीची साउंड चिप असते. तिच्यासोबत 'रिअलटेक ऑडिओ कन्सोल' किंवा जुन्या संगणकांत 'रिअलटेक एचडी ऑडिओ मॅनेजर' येतो. त्यात 'डिव्हाइस अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज' नावाची जागा शोधा. तिथे दोन पर्याय मिळतात. पहिला, पुढे हेडफोन लावला की मागचं आउटपुट बंद कर. दुसरा, पुढून आणि मागून दोन वेगळे आवाज एकाच वेळी वाजू दे.

पहिला निवडला तर पिन घातली की स्पीकर गप्प, काढली की सुरू. घरात वयस्क माणसं किंवा लहान मुलं संगणक वापरत असतील तर हाच ठेवावा, कारण यात लक्षात ठेवायचं काही नाही. दुसरा निवडला तर विंडोजला एकाऐवजी दोन आउटपुट दिसू लागतात. मग हेडफोनची पिन कायमची आत ठेवता येते आणि घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून कधी हे, कधी ते निवडता येतं. माझी पसंती दुसऱ्याला आहे. सॉकेटाची स्प्रिंग रोजच्या घाल-काढीने सैल होते, आणि सैल सॉकेट बदलणं हे घरी करण्याजोगं काम नव्हे.

आता तिसऱ्या घराकडे वळू, जिथे पुढचं सॉकेट मुळातच मुकं आहे. संगणक असेम्बल करताना पुढच्या सॉकेटाची वायर मदरबोर्डला जोडायची राहून गेली, असं पुष्कळदा घडतं. आधी संगणक बंद करा, विजेची वायर काढा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज जाऊ द्या आणि बाजूचा पत्रा उघडा. पुढून येणाऱ्या वायरींच्या जुडग्यात 'एचडी ऑडिओ' लिहिलेला काळा चपटा कनेक्टर दिसेल. मदरबोर्डवर त्याची जागा बहुधा खालच्या कडेला, मागच्या ऑडिओ सॉकेटांच्या बाजूच्या कोपऱ्यात असते. तिथे पाच-पाचच्या दोन ओळी असतात, पण पिना नऊच. एक मुद्दाम गाळलेली असते, म्हणजे कनेक्टर उलटा बसू नये. जुन्या कॅबिनेटमध्ये त्याच वायरीवर 'एसी ९७' लिहिलेला दुसरा कनेक्टरही असतो. तो मोकळा सोडायचा. चुकून तो जोडला गेला तर आवाज येऊ शकतो, पण पिन घातल्याची वर्दी चिपकडे नीट जात नाही. पुढे हेडफोन लावूनही स्पीकर वाजत राहण्याचं हे एक ठरलेलं कारण आहे.

४. एकच सॉकेट आणि वाय केबल

पुढचं सॉकेट तुटलेलं असेल किंवा संगणक इतका छोटा असेल की सॉकेट एकच आहे, तर फाटा वायरीत फोडायचा. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत यासाठी 'साडेतीन एमएमची वाय केबल' मागितली की काम होतं. एका टोकाला एक पिन, दुसऱ्या टोकाला दोन सॉकेटं. घेताना पिनेवरच्या काळ्या रेघा मोजा. दोन हव्यात. एकच रेघ असेल तर ती मोनो, म्हणजे एका वाटेची पिन असते, आणि डावा-उजवा भेद तिथेच संपतो. वायर नसलेला आखूड, कडक स्प्लिटरही मिळतो. तो मी घेणार नाही. मागच्या सॉकेटाला लोंबकळून त्याचं वजन जोडाला ओढत राहतं. वीतभर लवचीक वायर असलेली वाय केबल कधीही चांगली.

"एकाचे दोन केले तर आवाज निम्मा होणार ना?" असं तपकीर गल्लीतच गिऱ्हाईक विचारतं. उत्तर जोडलेल्या वस्तूंवर अवलंबून आहे. त्यासाठी 'रोध' ही एक कल्पना समजून घ्यावी लागेल. रोध म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा, तो मोजतात ओहममध्ये. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीतून एकच पाइप स्वयंपाकघरात आणि मोरीत येतो असं समजा. सिंकचा नळ भरभरून चालू आहे आणि मोरीतला नळ नुसता थेंब-थेंब गळतोय, तर सिंकच्या धारेत फरक पडत नाही. मोरीतला नळही पूर्ण सोडला की मात्र धार बारीक होते. जास्त रोध म्हणजे थेंब-थेंब गळणारा नळ, कमी रोध म्हणजे पूर्ण उघडलेला.

साध्या हेडफोनचा रोध ३२ ओहम धरू. अ‍ॅम्प्लिफायर असलेल्या स्पीकरचा १०,००० ओहमच्या आसपास असतो. संगणकाच्या सॉकेटाचा स्वतःचा रोध १०० ओहम आणि संकेत १ व्होल्ट मानू. नुसत्या हेडफोनला मिळणारा विजेचा दाब ३२ भागिले १३२, म्हणजे ०.२४ व्होल्ट. आता वाय केबलने स्पीकरही जोडला. दोघांचा मिळून रोध होतो ३१.९ ओहम आणि दाब पुन्हा ०.२४ व्होल्टच. स्पीकर हा गळका नळ आहे, हेडफोनला त्याचा पत्ताही लागत नाही.

त्याच केबलवर दोन हेडफोन लावले तर मिळून रोध १६ ओहम, दाब १६ भागिले ११६, म्हणजे ०.१४ व्होल्ट. आवाज साधारण ५ डेसिबलने उतरतो. कानाला जाणवतो, पण व्हॉल्यूम वाढवून भागतं. दोघांनी मिळून हेडफोनवर ऐकण्याची हौस जुनीच आहे. सोनीने १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये विकायला काढलेल्या पहिल्या वॉकमनला हेडफोनसाठी दोन सॉकेटं होती.

आणि ते दोन उघड्या तारांचे लाकडी स्पीकर? त्यांचा रोध ४ ओहम धरला, तर हेडफोनसकट एकूण रोध होतो साडेतीन ओहम आणि दाब उरतो ०.०३ व्होल्ट. स्पीकरमधून कुजबुज येते आणि हेडफोनचाही आवाज सातव्या हिश्श्यावर येतो. अशा स्पीकरला मध्ये अ‍ॅम्प्लिफायर लागतोच.

वाय केबलची मर्यादाही सांगायला हवी. तिला निवड करता येत नाही. दोन्हीकडे तोच आवाज जातो, हेडफोन घातल्यावर स्पीकरचं बटण हाताने बंद करावं लागतं. त्याचा कंटाळा असेल तर बटण दाबून वाट बदलणारी छोटी स्विचची डबी मिळते. आणि एक इशारा. हीच केबल उलटी वापरून दोन संगणकांचा आवाज एका स्पीकरमध्ये कोंबू नका. दोन आउटपुट एकमेकांना जोडली तर ती एकमेकांवरच जोर लावतात. त्या कामाला मिक्सर किंवा स्विचची डबीच हवी.

५. सगळ्यात सोपं उत्तर पुष्कळदा स्पीकरवरच असतं

बाजारात जाण्याआधी स्वतःच्या स्पीकरकडे नीट पाहा. उजव्या स्पीकरवर, किंवा वूफर असलेल्या संचात वायरीच्या टोकाला येणाऱ्या छोट्या रिमोटवर, हेडफोनचं चिन्ह असलेलं सॉकेट असू शकतं. त्यात पिन घातली की बहुतेक स्पीकर आपण होऊन गप्प होतात. संगणकाला काही सांगायचं नाही, केबल आणायची नाही, टेबलाखाली वाकायचं नाही. मात्र आवाज स्पीकरच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून येत असल्याने स्वस्त संचात हलकी सळसळ ऐकू येते. बातम्या, व्याख्यानं यांना चालून जाईल. शांत आलापी ऐकणाऱ्याला ती खटकेल.

६. यूएसबी, मॉनिटर आणि ब्लूटूथ

यूएसबीचा हेडफोन घेतला तर त्याच्यासोबत एक स्वतंत्र साउंड कार्डच घरात येतं, कारण आवाजाचे आकडे विजेच्या लहरींत बदलणारी चिप हेडफोनमध्ये किंवा त्याच्या वायरीतच असते. मदरबोर्डवरचं सॉकेट बिघडलेलं असलं तरी तिला फरक पडत नाही. साधा पिनेचा हेडफोन आवडीचा असेल तर पेन ड्राइव्हएवढं यूएसबी साउंड कार्ड मिळतं. त्यात तो घालायचा, स्पीकर मागे हिरव्यातच. फाटा आता विंडोजमध्ये फुटतो.

एचडीएमआय केबलने मॉनिटर जोडला असेल तर तोही विंडोजला एक आउटपुट म्हणून दिसू शकतो, अगदी त्यात स्पीकर नसला तरी. नवा मॉनिटर आणला आणि घरातला आवाज एकाएकी गेला, तर आवाज बहुधा त्या मुक्या मॉनिटरकडे चाललेला असतो. आउटपुट बदललं की परत येतो.

ब्लूटूथ हेडफोन सोयीचा खरा, पण आवाज आवळून पाठवायचा आणि पलीकडे उलगडायचा यात वेळ जातो. १५० मिलिसेकंदांचा उशीर धरला, तर तेवढ्या वेळात हवेतला आवाज सुमारे ५१ मीटर गेलेला असतो. सिनेमा बघताना पुष्कळ प्रोग्रॅम चित्रही तेवढंच थांबवून हिशेब जुळवतात. पण एकच गाणं वायरीच्या स्पीकरवर आणि ब्लूटूथ हेडफोनवर एकदम वाजवलं तर दोन गायक एकामागून एक म्हणताहेत असं वाटतं. हार्मोनियमसारखी वाजणारी इलेक्ट्रॉनिक पेटी संगणकाला जोडून रियाज करणाऱ्यांनी ब्लूटूथच्या वाटेला जाऊच नये. बोटाखालचा सूर उशिरा ऐकू आला तर लय सांभाळता येत नाही.

ब्लूटूथ हेडफोनचा माइक सुरू केला की गाण्याचा दर्जा एकदम पडतो, तो बिघाड नव्हे. साध्या ब्लूटूथमध्ये माइक चालवायला फोनच्या बोलण्यासाठी ठरवलेली अरुंद वाट वापरली जाते आणि गाण्यालाही तिच्यातूनच जावं लागतं. अशा वेळी माइक वेगळा निवडावा.

७. गाणं इकडे, मीटिंग तिकडे

विंडोजला दोन आउटपुट दिसू लागली की खरी मजा सुरू होते. विंडोज ११मध्ये सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग साउंड, मग व्हॉल्यूम मिक्सर या क्रमाने जा. सध्या आवाज करत असलेल्या प्रोग्रॅमची यादी दिसेल आणि प्रत्येकापुढे आउटपुट निवडायची जागा असेल. विंडोज १०मध्येही २०१८पासून ही सोय आहे.

समजा, संध्याकाळी आईला स्पीकरवर अभंग ऐकायचे आहेत आणि मुलीला त्याच संगणकावर हेडफोन लावून वर्गाला बसायचं आहे. अभंग एका ब्राउझरमध्ये लावा आणि मिक्सरमध्ये त्याच्यापुढे स्पीकर निवडा. वर्ग झूमसारख्या वेगळ्या प्रोग्रॅममध्ये असेल तर त्याच्या स्वतःच्या ऑडिओ सेटिंगमध्ये हेडफोन निवडा. दोन्ही गोष्टी एकाच ब्राउझरच्या दोन टॅबमध्ये उघडल्या तर मात्र अडचण येते, कारण मिक्सर अख्ख्या ब्राउझरला एकच वाट देतो. एक क्रोममध्ये आणि दुसरं फायरफॉक्समध्ये उघडलं की सुटका होते. मुलीच्या माइकमध्ये खोलीतले अभंग शिरणार हे धरून चाला. बोलायचं नसेल तेव्हा माइक बंद ठेवावा.

उलट तोच आवाज दोन्हीकडे हवा असेल, म्हणजे खोलीत सगळे सिनेमा बघताहेत आणि कमी ऐकू येणाऱ्या आजीला हेडफोनवर मोठा आवाज हवा आहे, तर विंडोजमध्ये सरळ रस्ता नाही. जुन्या साउंड पॅनलच्या रेकॉर्डिंग विभागात 'स्टीरिओ मिक्स' असेल तर ते सुरू करून त्याच्या 'लिसन' पानावर दुसरं आउटपुट निवडता येतं. ते काही मशीनवर दिसतच नाही, आणि दिसलं तरी आवाज किंचित मागे पडतो. आजीसाठी मी वाय केबल सुचवेन, आणि हेडफोन असा की ज्याच्या वायरीवर स्वतःचं व्हॉल्यूमचं चाक आहे. मॅकवाल्यांना 'ऑडिओ मिडी सेटअप'मध्ये 'मल्टी-आउटपुट डिव्हाइस' तयार करता येतं.

८. हेडफोन वाजतो, माइक का चालत नाही?

मोबाइलसोबत वापरायच्या इअरफोनच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात. डावा, उजवा, माइक आणि सगळ्यांचा सामाईक परतीचा जोड, असे चार भाग. डेस्कटॉपवर मात्र आवाज हिरव्यात आणि माइक गुलाबीत. चार भागांची पिन हिरव्यात घातली तर ऐकू येतं, माइकची वाट तिथे नसतेच. त्यासाठी इअरफोनच्या बाजूला चार भागांचं सॉकेट आणि संगणकाच्या बाजूला हिरवी-गुलाबी अशा दोन पिना असलेली केबल लागते. ती दिसते वाय केबलसारखीच, पण आत जोडणी वेगळी. दुकानात "मोबाइलचा हेडफोन पीसीला लावायचाय, माइकसकट" असं पूर्ण वाक्य सांगा.

९. घुंऽऽ असा आवाज

सगळं जोडलं आणि स्पीकरमधून अखंड घुमारा येऊ लागला, तर तो आपल्याकडच्या विजेच्या ५० हर्ट्झ लहरीचा असतो. संगणक एका भिंतीतल्या प्लगवर आणि स्पीकर दुसऱ्या, असं असलं की दोघांच्या अर्थिंगमध्ये बारीक फरक पडतो आणि तो आवाजाच्या वायरीतून वाहतो. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, बहुधा थांबतो. नाही थांबला तर वायरीच्या मध्ये बसवायचा ग्राउंड लूप आयसोलेटर नावाचा छोटा तुकडा मिळतो. तीन पिनांच्या प्लगची जाड अर्थिंगची पिन मात्र कुणी कितीही सांगितलं तरी कापू नका. गुणगुण थांबेल, पण संगणकात बिघाड होऊन पत्र्यात वीज उतरली तर तिला जायला तुमच्या अंगाखेरीज वाट उरणार नाही.

१०. आवाज किती ठेवायचा?

स्पीकर आणि हेडफोन दोन्ही एकाच वायरीवर असले की एक धोका हमखास येतो. स्पीकरचं बटण कमी आहे म्हणून आपण संगणकाचा व्हॉल्यूम ऐंशी-नव्वदवर नेतो, रात्री हेडफोन घालतो आणि पहिल्याच क्षणी कान बधिर होतात. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, तर मुलांसाठी तेवढ्याच वेळासाठी ७५ डेसिबल ही मर्यादा सुचवली आहे. दर ३ डेसिबल वाढले की कानावर पडणारी ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मा. ८३ला २० तास, ८६ला १०, ८९ला ५. आतल्या कानातल्या ध्वनी पकडणाऱ्या पेशी एकदा गेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

म्हणून वाय केबल वापरत असाल तर संगणकाचा व्हॉल्यूम हेडफोनला सोसेल तेवढाच ठेवा आणि स्पीकर कमी पडला तर त्याचं स्वतःचं बटण वाढवा. दोन वेगळी आउटपुट केली असतील तर काम आणखी सोपं आहे, कारण विंडोज प्रत्येक आउटपुटचा व्हॉल्यूम वेगळा लक्षात ठेवतं. हेडफोन निवडा, तो अजून टेबलावरच असताना व्हॉल्यूम वीसवर आणा, गाणं सुरू करा आणि मग कानांवर चढवा. पुढच्या वेळी हेडफोन निवडलात की तो त्याच विसावर सुरू होईल.